देवीची शेळी आणि माझं स्पॅनिश

मला स्पॅनिश येतं. म्हणजे एक शब्द येतो, पण तो पक्का येतो, आणि आमच्या सोलापुरातल्या भवानी पेठेत तरी या बाबतीत माझ्यापुढे कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. शब्द आहे 'काब्रा'. काब्रा म्हणजे शेळी. आता सगळं निस्तरलंय म्हणून हसत सांगते आहे. मधला एक आठवडा मात्र या शब्दाचं नावही मला नको होतं.

झालं काय, तीन महिन्यांचे पेपर घेऊन मी रद्दीच्या दुकानात गेले आणि परत येताना हातात एक पुस्तक होतं. घरबसल्या स्पॅनिश शिकवणारं, इंग्रजीतलं. ह्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात आहेत. कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख आणि सही शोधतात.

"स्पेनला जायचंय का?"

"बार्शीला तरी नेलंत का दिवाळीत?" मी म्हटलं. विषय मिटला.

खरं कारण मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. मी बी.ए. आहे. हे वाक्य गेल्या दोन वर्षांत माझ्या तोंडून निघालेलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आमची लेक विजू झोपली की दुपारी जो पाऊण तास मिळायचा त्यात एकतर लंगोटांच्या घड्या करायच्या किंवा स्वतः आडवं व्हायचं. त्या पाऊण तासात आपण काहीतरी शिकतोय, या कल्पनेनंच मला उंची वाढल्यासारखं वाटायला लागलं.

पुस्तकाची पहिली एकतीस पानं नव्हती. मागचं अर्धं पुस्तक वाळवीनं शिकून टाकलेलं होतं. मधे जो एक धडा धडधाकट उरला होता तो शेळीचा. त्यात लेखकानं फार कळकळीनं लिहिलं होतं की शब्द पाठ करत बसू नका, वापरा. प्राणी दिसला की मोठ्यानं म्हणा. त्याला हाक मारा. रोजच्या कामात दिवसातून वीस वेळा तरी तो तोंडात आला पाहिजे. नमुन्याची वाक्यं पुढच्या पानावर होती, आणि पुढचं पान नव्हतं. तेव्हा शब्द स्पॅनिश आणि बाकी वाक्य मराठी, असं मी ठरवलं.

शेळीला तोटा नव्हता. आमच्या बोळात रोज अकराच्या सुमाराला एक शेळी यायची. काळीभोर, डाव्या कानावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. ही साधी शेळी नव्हे. बोळाच्या तोंडाशी गंगम्मा राहतात. त्यांच्या सुनेला सात वर्षांनी मूल झालं तेव्हा त्यांनी नवस फेडायला एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, मरीआईच्या नावानं सोडली. तीच ही. सोडली म्हणजे सोडली. तिला बांधायचं नाही, विकायचं नाही, तिच्यावर काठी उगारायची नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती 'माझी' असं कुणी म्हणायचं नाही, गंगम्मांनी तर नाहीच. दुष्काळात माणसं सरकारी सुकडीच्या रांगेत उभी होती तेव्हाही ही भाजीच्या गाड्यांवरून जेवून यायची. भाजीवाले नुसते म्हणायचे, "जा माय आता फुडं."

तर अकरा वाजले की मी विजूला कडेवर घेऊन दारात उभी राहायची आणि अभ्यास सुरू करायची.

"काब्रा आली! काब्रा पाला खाते. काब्रा उभी राहिली. काब्रा, तो परकर सोड. काब्रा!!"

घरमालकीण राजाकाकू वरच्या मजल्याच्या गॅलरीतून हे तीन दिवस बघत होत्या. चौथ्या दिवशी त्या खाली आल्या आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"शालन, हा कुठला मंत्र गं?"

"मंत्र नाही काकू. स्पॅनिश आहे."

"कोण सांगितलं?"

"कुणी नाही. पुस्तकात आहे."

"अस्सं," राजाकाकू म्हणाल्या आणि संध्याकाळी ह्यांना जिन्यात गाठून विचारलं, की बाईला माहेरी जाऊन किती दिवस झाले.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. विजू अडीच वर्षांची होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. ऐकायचं सगळं, समजायचं सगळं, हसायची तर अशी की रस्त्यावरचा माणूस थांबावा. पण शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, पाणीसुद्धा नाही. पाणी हवं असलं की माठाला मिठी मारायची. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. डॉक्टरांना काय, त्यांच्याकडे वाट बघायला खुर्च्या आहेत.

बाकी कुणी वाट बघायला तयार नव्हतं. राजाकाकूंनी अक्कलकाढा मधात उगाळून जिभेला लावायला सांगितला; विजूनं तो चाटला आणि माझ्याकडे असं पाहिलं की आजवर माझ्यावर टाकलेला सगळा विश्वास तिनं परत मागितला. कुणी सांगितलं देवळातल्या घंटेत पाणी भरून ते पाजा. घंटा उलटी कशी करायची हे सांगणारा मात्र भेटला नाही. मग पोपटानं उष्टावलेला पेरू. त्यासाठी आम्ही सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर चिठ्ठ्या काढणाऱ्या चन्नप्पाच्या पोपटापुढे पेरू धरून अर्धा तास बसलो. पोपट पेरूकडे ढुंकून बघेना. शेवटी त्यानं सवयीप्रमाणे एक चिठ्ठी ओढली आणि चन्नप्पानं ती वाचली: प्रवासाचा योग आहे. आम्ही पेरू घेऊन घरी आलो. प्रवास झाला.

हे सगळं मी हसून सोडून द्यायची. पण दुपारी ती झोपली की तिच्या तोंडाकडे बघत बसायची. इवलंसं, जरासं उघडं. आत कुठेतरी 'आई' असेल, वाट सापडत नसेल, असं वाटायचं.

आणि स्पॅनिशच्या नवव्या दिवशी, मी आत फोडणीत अडकलेली असताना, दारातून आवाज आला.

"काब्रा!"

मी सांडशी घेऊन बाहेर धावले. दारात शेळी. शेळीपुढे विजू. आणखी कुणी नाही. विजूनं बोट दाखवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्वच्छ म्हणाली, "काब्रा."

फोडणी जळाली. मी रडले. राजाकाकू धावत आल्या, त्याही रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "आई म्हणाली असती तर बरं झालं असतं."

संध्याकाळी हे आले. मी सांगितलं, विजू बोलली. ह्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"काय म्हणाली?"

"काब्रा."

"हे कुठल्या भाषेत?"

"स्पॅनिश."

ह्यांनी पिशवी उचलली. मग हळूच म्हणाले, "मराठीत काही अडचण आहे का तिला?"

पुढचा आठवडा आमच्या घरात तो शब्द जितका वापरला गेला तितका खुद्द स्पेनमध्येही वापरत नसतील. पुस्तकवाल्यानं सांगितलं होतं रोजच्या कामात वापरा. विजूनं ते मनावर घेतलं. दूध हवं: काब्रा. कडेवर घे: दोन्ही हात वर करून काब्रा. पावडरचा डबा उपडा झाला की चौकशीच्या सुरात काब्रा? एकदा ह्यांचे साहेब रावसाहेब घरी आले. त्यांना हनुवटीवर थोडीशी, टोकदार दाढी आहे. विजूनं ती नीट पाहिली आणि आनंदानं ओरडली. "काय म्हणते बेबी?" साहेबांनी विचारलं. ह्यांनी घाम पुसत सांगितलं, "स्पॅनिश शिकते आहे, साहेब." साहेब थक्क झाले. "या वयात! आमचा मोठा अजून इंग्रजीत नापास होतो."

मला कशाची फिकीर नव्हती. दार उघडलं होतं. एक शब्द आला, आता मागून दुसरे येतील.

आणि एका मंगळवारी अकरा वाजले, शेळी आली नाही.

बारा वाजले. विजू उंबऱ्यावर बसून राहिली. दुपारी गंगम्मा आल्या, पदर तोंडाला लावून. "यव्वा शालनबाई, गाडी आलती की मुन्शिपाल्टीची. कोन पाव्हना येनार हाय म्हनं, रस्त्यावरची समदी जनावरं उचलली. आपली बी नेली कोंडवाड्यात."

त्या दिवशी विजू एकदाही 'काब्रा' म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दूध हवं होतं तेव्हा तिनं पातेल्याला मिठी मारली. माठाला मिठी मारायची तशीच. एकच शब्द होता, तोही शेळीबरोबर कोंडवाड्यात गेला.

बुधवारी दुपारी गंगम्मांना घेऊन मी कोंडवाडा गाठला. तिथले कारकून कुंडलिकराव म्हणून होते. वयस्कर, मऊ बोलणारे, समोर नोंदवही आणि मागे वीस-पंचवीस जनावरांचा कालवा. आमची ती आत एका म्हशीच्या पाठीशी ऐटीत उभी होती.

"मालक कोन?" कुंडलिकरावांनी विचारलं.

मी गंगम्मांकडे पाहिलं. गंगम्मांनी कानाला हात लावले.

"माजी न्हाय बाबा. देवीची हाय."

"पर सोडली तुमीच न्हवं?"

"व्हय, मीच सोडली. म्हनून तर माजी न्हाय."

"मग सही कोन करनार? देवी?"

"तिला विचार की," गंगम्मा म्हणाल्या. "मी माजी म्हनले तर नवस उलटंल. नातू हाय माजा घरात."

मी म्हटलं, मी करते सही. गंगम्मांनी माझा हात असा धरला की बांगडी पिचली. "शालनबाई, लेकराची आई हायस. देवीची वस्तू आपल्या नावावर लावू नगंस." मी बी.ए. आहे. तरी हात मागे घेतला. कडेवर विजू होती ना.

कुंडलिकरावांनी आमच्याकडे पाहिलं, विजूकडे पाहिलं. शेळी कशासाठी हवी हे मी त्यांना सगळं सांगितलं होतं, स्पॅनिशचा भाग जरा आवरता घेऊन. त्यांनी वही मिटली. "बाई, अजून हिची नोंद केली न्हाय मी. उद्या सकाळी या आन् घेऊन जा. मी काय बघितलं न्हाय."

इतकं सोपं होतं. इथंच ही गोष्ट संपायची. पण मी घरी येऊन ते ह्यांना सांगितलं.

"नोंदच नाही?" हे ताठ झाले. "म्हणजे बेकायदेशीर झालं. उद्या कुणी विचारलं तर? कागद पाहिजे. कागद असला की माणूस निर्धास्त."

रात्रीचं जेवण बाजूला सारून ह्यांनी अर्ज लिहिला. असा अर्ज मी आयुष्यात पाहिला नव्हता. विषय होता, संदर्भ होता. मालक: श्री मरीआई देवी. राहणार: देऊळ. जनावराचा रंग: काळा. ओळखीची खूण: डाव्या कानावर पांढरा ठिपका. स्वभाव: शांत. आणि खाली, पाहताच माझ्या छातीत धस्स व्हायला हवं होतं पण मला तेव्हा अभिमानच वाटला, ह्यांनी सवयीनं लिहिलं होतं: प्रत माहितीसाठी, आयुक्त, आरोग्य खाते, पशुवैद्यकीय विभाग. तिन्ही प्रती सकाळी कचेरीत जाता जाता पोचत्या करून, पोच घेऊनच हे पुढे गेले.

दहा वाजता मी कोंडवाड्यात. कुंडलिकराव डोक्याला हात लावून बसले होते.

"बाई, तुमच्या यजमानांनी काय केलं हे?"

"अर्ज."

"आवक नंबर पडला की शेळीला!" ते कळवळून म्हणाले. "तीन हापिसांत पडला. आरोग्यवाल्यांचा शिपाई येऊन विचारून गेला, ही देवी कुठल्या वार्डात राहते. आता कशी सोडू? आता लिलाव. सोमवारी."

"लिलावात कोण घेतं?"

कुंडलिकराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेळी कोन घेनार, बाई. खाटीक घेतेत."

मी घरी कशी आले मला आठवत नाही. ह्यांना मी एक शब्दही बोलले नाही. तीन दिवस आमच्या घरात दोन माणसं मुकी होती, आणि तिसरं माणूस अपराध्यासारखं स्वतःचं ताट स्वतः घासत होतं. रविवारी ह्यांनी पुरवणी अर्ज लिहायला घेतला तेव्हा मी नुसतं पाहिलं. ह्यांनी पेनाला टोपण लावलं.

सोमवारी लिलाव. राजाकाकू सोबत आल्या. घरमालकीण बरोबर असली की वजन पडतं असं त्यांचं मत. विजू कडेवर. तिला शेळी दाखवली. ती पाहत राहिली. शेळीही पाहत राहिली. मी हळूच विचारलं, "विजू, कोण आहे गं ती?" विजूनं माझ्या खांद्यात तोंड लपवलं.

फाटकापाशी गंगम्मा आधीच येऊन बसल्या होत्या. मांडी ठोकून, मिश्री लावत. मालक म्हणून त्या एक पाऊल आत टाकायला तयार नव्हत्या, पण रस्ता काही कुणाच्या मालकीचा नाही. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या मायेनं विचारत होत्या, "शेळीला आलास का रं? घे की. देवीची हाय. मी काय बी म्हनत न्हाय."

सोलापूरचे खाटीक होते ते देवीचं नुसतं नाव ऐकूनच दुसऱ्या बकऱ्यांकडे वळले. एक मात्र टेंभुर्णीचा होता, रामहरी नावाचा, जनावरांचा व्यापारी. त्याला आमची देवी ठाऊक नव्हती. तो आत गेला, शेळीच्या पाठीवर हात फिरवला, दात पाहिले. कुंडलिकरावांनी नंबर पुकारला आणि रामहरी खाकरला.

"बाबा," बाहेरून गंगम्मा म्हणाल्या, "जरा हिकडं ये. काय सांगत न्हाय, नुस्तं ये."

तो आला.

"लेकरंबाळं किती तुला?"

"चार हायती. का वो?"

"समदी बरी हायती न्हवं?"

"व्हय."

"बरं हाय," गंगम्मा म्हणाल्या आणि मिश्री थुंकून लांब बघत बसल्या.

रामहरीनं राजाकाकूंना विचारलं, ही म्हातारी कोण. राजाकाकूंनी एका दमात देवी, नवस, सुनेची सात वर्षं आणि कुठल्याशा म्हशीची एक गोष्ट, जिचा इथं काही संबंध नव्हता, असं सगळं सांगितलं. रामहरीनं पायातल्या वहाणा काढल्या, आत जाऊन शेळीला हात जोडले, स्वतःच्या पिशवीतली मेथीची जुडी तिच्यापुढे ठेवली आणि टेंभुर्णीची एसटी पकडायला निघून गेला.

कुंडलिकरावांनी तीनदा पुकारा केला. कुणी पुढे आलं नाही. माशा तेवढ्या बोलत होत्या.

मग त्यांनी चष्मा लावून नियमांचं पुस्तक काढलं, थुंकी लावून पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं: "बोली न आल्यास जनावर योग्य त्या रीतीने निकालात काढावे."

'निकालात काढावे' हे शब्द ऐकून मी फाटकाकडे धावले. राजाकाकूंनी मला धरलं. कुंडलिकरावांनी शाईत टाक बुडवला, वहीत अगदी सावकाश लिहिलं, लिहिलेलं टिपलं, वही मिटली. मग उठून स्वतः फाटकापाशी गेले, कडी काढली आणि म्हणाले, "झालं. ही योग्य रीत. निकालात काढली. जा माय."

शेळी बाहेर आली. घाई नाही, गडबड नाही, एखाद्या लग्नघरातून निघावं तशी. गंगम्मांना ओलांडून, राजाकाकूंना ओलांडून सरळ माझ्यापाशी आली आणि माझ्या नव्या इरकलीचा पदर तोंडात घेऊन चावायला लागली. मी हललेसुद्धा नाही. खा बाई, म्हटलं, काठापासून खा.

तेवढ्यात माझी हनुवटी कुणीतरी दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवली.

"आई," विजू म्हणाली, मोठ्या माणसासारखी, काळजीनं. "आई, काब्रा पदर खाते."

राजाकाकूंनी देवीला, सिद्धेश्वराला आणि पोपटाला एकाच वेळी हात जोडले. कुंडलिकरावांना नक्की काय झालं ते कळलं नाही, पण तेही डोळे पुसत होते. मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. भर रस्त्यात, जनावरांच्या गर्दीत, बी.ए. झालेल्या बाईनं करू नये ते सगळं केलं.

सहा वाजता हे आले. भीतभीत, दारातूनच माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेत. एक बूट काढला होता, दुसऱ्याची नाडी सोडत होते, तेव्हा विजू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, काब्रा पदर खाते."

हे तसेच उंबऱ्यावर बसले, एका पायात बूट. "पुन्हा म्हण," म्हणाले. तिनं म्हटलं. "पुन्हा." तिनं पुन्हा म्हटलं. सात वेळा ह्यांनी तिला ते वाक्य म्हणायला लावलं, आणि दर वेळी असे ऐकत होते की जणू वरून आलेला हुकूम वाचला जातोय. आठव्या वेळी तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबा, पुरे."

हे उठले, मोरीत गेले, तोंडावर पाणी मारायला लागले. एक बूट अजून पायातच होता. बराच वेळ ते तोंड धूत होते.